पहिलं शिखर

कापसाबेतच्या शाळेमागे, चहाच्या मळ्याला लागून
लाल मातीत आम्ही पोलादी पाट पुरला,
वर तीच माती पातळ पसरली,
कुणाचं पाऊल बिचकू नये म्हणून.
मी वायरीपाशी बसलो. काम एवढंच:
पाऊल पडलं की पडद्यावर उमटेल ते वहीत उतरवायचं.

आधी धावला इल्मारी, फिनलंडहून आलेला,
जाड तळव्यांचे निळे बूट घालून.
टाच आपटली, आणि रेघ
सुईसारखी उठली, पडली,
मग सावकाश टेकडी चढली.
"हे पहिलं शिखर," तो म्हणाला,
"अंगाच्या वजनाहून जास्त,
पापणी लवायच्या आत
नडगीतून गुडघ्यात."

मग जेलागात. वय तेरा.
पायात काही नाही, घोट्याला
सकाळच्या शेणाचा हिरवा डाग.
आली आणि गेली.
मला वाटलं वायर निसटली.
पडद्यावर एकच टेकडी, गोल, मळ्यासारखी,
सुई कुठेच नाही.
आधी चवडा, मग टाच, नुसती टेकवलेली,
निजलेलं बाळ गोधडीवर ठेवताना
आई हात शेवटी काढते, तशी.

"कशी धावतेस गं?"
तिला प्रश्नच कळेना.
"खडे असतात," म्हणाली.

त्या रात्री इल्मारीने बूट खिळ्याला टांगले.
सकाळी अनवाणी सहा मैल. दुसऱ्या दिवशी आठ.
तेराव्या दिवशी उजव्या चवड्याच्या हाडात
केसाएवढी चीर,
पोटऱ्या लाकूड झालेल्या.
जोर नाहीसा होत नाही,
खाटेवर पडून त्याने मला लिहायला लावलं,
फक्त बिऱ्हाड बदलतो:
गुडघ्यातून उठतो,
टाचेवरच्या जाड शिरेत मुक्कामाला येतो.
नव्या घरमालकाला
आधी सवय व्हायला हवी.

जेलागात त्याला बघायला आली,
आंबट दुधाचा भोपळा घेऊन.
म्हणाली, सांग त्याला,
बूट निघाले, टाच अजून आतच आहे.
मी सांगितलं. तो हसला, मग कण्हला.

ती मात्र खिळ्याकडेच बघत होती.
पुढच्या वर्षी हायस्कूल. रस्ता डांबरी,
कडेला फुटक्या बाटल्या.
अंगठ्याखालचा जुना व्रण
दुसऱ्या पायाने झाकत तिने विचारलं,
"हे मला होतील का?"

वहीत सगळ्याला रकाना होता.
याला नव्हता.