खाकरत चाला

स्वतःचं नाव त्याला सांगता येत नाही.
विचारलं, तर खाकरतो
आणि मागून पोरगी सांगते: बमू. बमू झोरे.

वरचा ओठ अर्धाच आहे.
डाव्या गालापासून कानापर्यंत
नांगरून सोडल्यासारखी कातडी.
प, फ, ब, भ, म...
ओठ मिटल्याशिवाय न होणारी पाच अक्षरं
अस्वल घेऊन गेलं, चैत्रात,
हिरड्याच्या झाडाखालून.

आम्ही चौघं कराडहून आलेलो,
पाटणच्या वरच्या सड्यावर एक रात्र काढायला.
पाठीवर नवे तंबू, कानात गाणी.
त्यानं आधी कान मोकळे करायला लावले.
“आत येताना दारात खाकरतो का नाही तुझा आजा?”
खाकरतो, म्हटलं.
“तसंच इथं. घर त्याचं.”

मग वाटभर खाकरत राहिला,
काठी कातळावर आपटत.
वळण आलं की जोरात,
ओढ्याजवळ आणखी जोरात,
पाण्याच्या आवाजात माणूस ऐकू जात नाही म्हणून.
एका जागी थबकला:
वारूळ, बुडापर्यंत उसकलेलं, माती ओली.
“रातचं हाय. दुरून जाऊ.”

शाकिरानं विचारलं, समोर आलंच तर?
“धावू नको.”
झाडावर चढू?
तो हसला, अर्ध्या ओठानं हसता येतं तेवढं.
“त्याला तुझ्याहून चांगलं येतं.”
आणि तिथंच वाटेत पालथा झाला,
बोटं मानेमागं गुंफून, तोंड गवतात खुपसून.
अंगावर आलं तर असं, हे दाखवायला.
पण उठला नाही लगेच.
जरा जास्तच वेळ पडून राहिला.
आम्ही आपापल्या बुटांकडं बघत उभे.

शेंगदाण्याचे लाडू, केळी, माझी टूथपेस्टसुद्धा
गोळा करून नेली त्यानं
वाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत.
“गोड वास उशाला नको.”

बाकीचं शेकोटीशी तुकड्यातुकड्यानं आलं.
भावाशी भांडण, म्हशीच्या वाटणीवरून.
धुकं. डोक्यावर घोंगडी.
रागाच्या भरात तो त्या दिवशी मुका चालत होता.
वळणापलीकडून तीही तशीच,
पिल्लू पाठीवर घेऊन.
“दोघं दचकलो.”
एवढंच. तिला शिवी नाही.
भावाला मात्र एक दिली,
जिला ओठ लागत नाहीत अशी.

पहाटे तीनला तंबूबाहेर
कुणीतरी हुंगलं, भाता ओढावा तसं.
माझ्या घशात अख्खी बाराखडी अडकली.
राखेपलीकडून बमू खाकरला.
चढ्या आवाजात नाही;
सासरा ओसरीवर येताना खाकरतो, तसा.

काहीच नाही, थोडा वेळ.
मग अंधारातून एक लांब
“फूऽऽ”
आणि पाचोळा उताराला लागला.

पाचांतलं ते एक अक्षर
अजून तिच्याकडंच आहे तर.

सकाळी उतरताना सगळ्यात पुढं मी होतो.
घसा बसेपर्यंत खाकरलो.