समोरची काच

ओझरला एकतीस वर्षं मिगच्या पंखांत रिव्हेट ठोकले,
पण देव्हाऱ्याशेजारी फोटो लावला तो दुसऱ्याच विमानाचा.
स्पिरिट ऑफ सेंट लुई, साल एकोणीसशे सत्तावीस.
कुठल्याशा कॅलेंडरवरून कापलेला,
कडेला मे महिन्याचे दोन रविवार अजून शिल्लक.

‘याला समोर काच नाही,’ बाबा आल्यागेल्याला सांगायचे.
चहा निवायचा.
‘नाकात पेट्रोलची टाकी, तिच्यामागे माणूस, वेताच्या खुर्चीत.
न्यूयॉर्क ते पॅरिस, साडेतेहतीस तास,
आणि पुढचं बघायचं तर विमानच जरा तिरकं करायचं,
बाजूच्या खिडकीतून डोकावायचं,
पुन्हा सरळ.’
हिरामणकाका म्हणायचे, ‘आमच्या सिन्नर गाडीचा ड्रायव्हर
तसाच चालवतो.’
बाबा हसायचे नाहीत. विमानाच्या बाबतीत नाही.

गेल्या पौषात कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी
बारीक चौकटींचा कागद समोर धरला.
बाबांनी विचारलं, मधल्या रेघा कुणी खोडल्या?
पडद्याचा मधला भाग गेलाय, डॉक्टर म्हणाले,
कडा राहतील.
द्वारकेच्या सिग्नलपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही.

आता ते माझ्याकडे बघत नाहीत,
माझ्या उजव्या खांद्यापलीकडे बघतात,
तेव्हा मी दिसते.
सुरुवातीला मी मागे वळून पाहायचे, कोण आलंय म्हणून.

रविवार कारंज्याला भाजी घ्यायला निघालो
की मी त्यांच्या डाव्या हाताला.
पायरी. सायकल. गाय आहे, बसलीय.
मेथीच्या ढिगापुढे मान कलती करतात,
जुडी पारखून घेतात, पुन्हा सरळ.
‘रेडिओ नव्हता त्याच्याकडे,’ मध्येच सांगतात,
‘पॅराशूटही नाही. वजन नको.
नकाशाचे नको ते कोपरेसुद्धा कात्रीनं उडवले होते.’
चार पावलं गप्प.
‘तू चल. तुझं वजन चालेल.’

काल दुपारी ओझरच्या अंगानं घरघर आली.
गल्लीतली पोरं गच्चीवर,
पोहे पाखडणाऱ्या शेवंताबाई सूप धरून उभ्या,
सगळ्यांची बोटं एकाच ठिपक्याकडे.
बाबा तेवढे
त्या ठिपक्याच्या शेजारी, रिकाम्या आभाळाकडे
तोंड करून.

‘दिसलं?’
‘दिसलं की.’
आवाज त्र्यंबकच्या डोंगरांमागे गेला तरी मान तशीच.
‘डाव्या पंखाचे रिव्हेट
अगदी एका रांगेत आहेत.’