घरात आणखी कुणाला?

घाटीच्या ओपीडीत, बारा नंबरच्या खोलीत
शिकाऊ डॉक्टरीण मान वर न करता विचारते :
असा त्रास घरात आणखी कुणाला?
पंखा बंद. तिच्या नाकावर घाम.
मी म्हणते, नाही.
ती केसपेपरवर एक आडवी रेघ ओढते
आणि ती रेघ मी रिक्षातून घरी आणते
शेजारणीकडून आणलेल्या विरजणासारखी, झाकून.
रात्रीतून ती लागते.

धडधडतं ते कारण नसताना.
दाराची बेल, मुलाच्या शाळेचा साधा मेसेज,
आधी दचकते, मग ओळखते.
काही आठवडे तर दचकणंसुद्धा नाही.
नुसतं पलंगावर, भिंतीकडे तोंड.

भिंतीकडे तोंड.
हे मी लहानपणी कुठेतरी पाहिलंय.

सोयगावच्या भामाआत्याला फोन केला.
"तुझा आजा पिराजी? काय सांगू माय.
कापूस वेचणीला आला की हा खोलीत.
पंधरा पंधरा दिस भितीकडं तोंड.
लोक म्हणायचे, गोऱ्याचं रगत, उन्हाला भेतंय."
गोऱ्याचं?
पलीकडे बराच वेळ फक्त कुकर.
"आरशात बघ की डोळे तुझे. मांजरीचे."

निजामाच्या राज्यात लेण्यांतले रंग गळू लागले
तेव्हा रंग धरून ठेवायला इटलीहून माणसं आली.
दोन हिवाळे.
फर्दापूरच्या बाया पाणी वाहायच्या,
आणि माझी पणजी सारजा
लेण्याच्या तोंडाशी पांढरं धोतर ताणून उभी राहायची,
ऊन वळवून आत पाठवायला.
आतून कुणी म्हणायचा, थोडं डावीकडे.
कुठल्या भाषेत म्हणायचा, देव जाणे.

सिल्लोडला मुनीर मास्तरांनी जुनं रजिस्टर वाचलं.
बोट उजवीकडून डावीकडे.
मुलगा पिराजी. आई सारजा.
बापाच्या खान्यात : नामालूम.
"पण बेटा, इथं शाईचा थेंब बघा," ते म्हणाले,
"कारकून थांबलाय. ऐकलंय त्यानं काहीतरी."

चुलतभाऊ गंगाधर म्हणाला, मग पासपोर्ट मिळतो का?

तीन गावांना पत्रं धाडली, भाषांतर मोबाइलचं.
दोन गावं गप्प.
तिसऱ्यातून पाच महिन्यांनी, चर्चचं दप्तर सांभाळणारी नोर्मा :
अत्तिलिओ नावाचा एक रंगारी हिंदुस्थानातून परतला होता.
तोच तो, असं मी म्हणणार नाही.
शेवटची नऊ वर्षं खिडक्या लावून राहिला.
नोंद एकाच शब्दाची. मालिंकोनिया.

भांडी घासताना मी तो शब्द बोलून पाहिला.
त्यात मळभ ऐकू येतं, मलिनसुद्धा.
ऐकू येतं म्हणून नातं असतंच असं नाही,
डोळ्यांचंही तसंच.
पण त्या रात्री अर्धी गोळी घेतली तेव्हा
खोलीत मी एकटी आजारी नव्हते.
पिराजी होता, भिंतीच्या बाजूला.
आणि लांब कुठेतरी एक लावलेली खिडकी.

मग लेणं बघायला गेले. शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच.
रंग वाचावेत म्हणून त्या माणसांनी लाख फासली होती.
रंग वाचले.
लाख मात्र पिवळी पडली, मग तपकिरी,
धूळ धरली तिनं, चेहरे आत गेले.
वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

पहारेकरी म्हणाला, काढतात आता हळूहळू,
कापसाच्या बोळ्यानं, दिवसाला चार बोटं.
घाई केली की खालचं चित्रही सुटून येतं, ताई.
त्यानं बॅटरी कोपऱ्यात धरली.
काळपटातून तळहाताएवढं काहीतरी निळं,
अर्धंच दिसत होतं.

थोडं डावीकडे, मी म्हणाले.