फुंकर

दोलोन घाटाच्या तिसऱ्या वळणावर
माझी ऑडी धापा टाकायची.
पाय तळापर्यंत दाबला तरी
सुई साठच्या पुढे सरकायची नाही,
उलट चाळीस, मग तीस.
कोळशाचे ट्रक भोंगे वाजवत पुढे जायचे
आणि मागच्या सीटवरचे,
नारीनला लग्नाला निघालेले,
खिडकीबाहेर बघत
मला ऐकू येईल इतपत हळू म्हणायचे :
बाई चालवतेय ना.

प्लग बदलले. एअर फिल्टर झटकला.
कोच्कोरच्या गॅरेजात एकाने पंपाची किंमत सांगितली,
ती ऐकून मी गाडीचं दार
नको तेवढ्या जोरात आपटलं.

म्हातारा असानकुल बॉनेट उघडायलाच तयार नव्हता.
पेल्यातला तळाचा चहा त्याने बर्फावर ओतला.
हिचा पेट्रोल फिल्टर कधी बदलला होतास?
मी बोटांवर वर्षं मोजायला लागले.
बोटं संपली.

मग पाठीखाली जुना नमदा टाकून
उजव्या चाकामागे आत सरकलो,
त्याच्याकडे दिवा, माझ्याकडे पाना.
गंजलेला नट हलेना हलेना
आणि एकदम हलला.
पेट्रोल कोपरावरून बाहीत शिरलं,
थंडीत असं झोंबलं
की तोंडातून जे निघालं
ते इथे लिहीत नाही.

पत्र्याची डबी, मुठीत मावेल एवढी.
असानकुल म्हणाला, फुंक.
फुंकलं.
माझ्या कानांत दडे बसले.
पलीकडच्या टोकाशी त्याने आपला गाल धरला होता,
त्याला काहीच लागलं नाही.

इनॅमलच्या पांढऱ्या थाळीत
त्याने डबी उलटी आपटली.
काळं पाणी. गाळ.
आणि तांबूस खवले, माशाच्या पिल्लाचे असावेत तसे.
हा रंग मी ओळखते.
हा माझ्या दिराच्या पिंपाचा आतला रंग.
तीन वर्षं तो रस्त्याकडेला बरण्या मांडून बसतो
आणि म्हणतो, वहिनी,
तुला लिटरमागे दोन सोम कमी.

दोन सोम वाचवत वाचवत
मी त्याचं गंजकं पिंप
थोडं थोडं करून विकत घेत होते.

नव्या डबीवर बाण असतो,
टाकीकडून इंजिनाकडे.
घाईत मी उलटी लावली.
असानकुलने बाणावर नुसतं बोट ठेवलं,
बोलला काहीच नाही.
त्या न बोलण्याचेही पैसे धरून
मी घासाघीस न करता चारशे सोम मोजले.

दुसऱ्या दिवशी तिसरं वळण
कधी मागे पडलं कळलं नाही.
सत्तर. पंच्याहत्तर.
कोळशाचा ट्रक आरशात लहान होत गेला.
मागचे चौघे झोपले होते,
कुणी काही म्हणालं नाही.

उतार संपला तिथे दीर उभा,
एका हातात बरणी, दुसरा वर.
मी काच खाली केली,
सीटखालची जुनी डबी त्याच्या हातात ठेवली.
म्हटलं, सागिनबेक, फुंक.

तो आधी हसला.
मग गाल फुगले,
मान लाल झाली,
टोपी मागे सरकली.
मी इंजिन बंद केलं नव्हतं.