शेवटचा हात

गुरुजींनी तारीख काढली, माघातली.
हिलाल मिस्त्रीने भिंतीला तळवा लावला,
मग उलटा हात, पोराचा ताप बघावा तसा,
आणि म्हणाला, नाही जमणार.

मखमलाबादला, कालव्याच्या अंगाला आमचा प्लॉट.
प्लास्टर होऊन अठरा दिवस.
"आत घाम आहे अजून. रंग मारला तर
पावसाळ्यापर्यंत बरा दिसेल,
मग पापडासारखा फुगेल."
मी म्हटलं, अरे, निफाडकडचं वारं सुटलंय, कोरडं,
दोरीवरचा टॉवेल तासात वाळतो.
"टॉवेल दोन्ही अंगांनी वाळतो, साहेब.
भिंत एकाच."

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली मी.
ओल्या शाईवर दुसरा छाप पडू नये
म्हणून थांबलेले कागद पाहिले,
थप्प्या लावून, मोजून, कुलपात.
तिथे कधी घाई केली नाही.
ते पैसे दुसऱ्यांचे होते.

इथे हप्ता सुरू झाला, भाडं थांबलेलं नाही,
आणि उज्ज्वला शेड कार्ड उशाशी घेऊन झोपते.
कच्च्या द्राक्षाचा रंग, तिसऱ्या पानावर,
त्यावर तिच्या बोटाची हळद.

हिलाल सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसला, बिडी न पेटवता.
"वायरमनची छन्नी आधी थांबू द्या.
मग मी पुट्टी भरतो, घासतो, परत भरतो.
प्रायमर. त्यावर एक हात.
आणि तिथून मी जातो, मला फोन करू नका.
फरशीचं पॉलिश होऊ द्या. सुतार येऊ द्या,
त्याच्या भुशाशी मी भांडत नाही.
सगळे गेले की येईन.
शेवटचा हात सगळ्यांच्या मागून."

सगळे म्हणजे कोण कोण,
हे मी मोजलं नव्हतं.

आतल्या खोलीत, जिथे आमचा पलंग येणार,
पेठचा सोमा भोये राहतो, राखणीला,
बायको जिजा, सहा वर्षांची यमुना.
अकरा महिने. तीन विटांची चूल.
तिच्या वर काजळी चढलीय, छतापर्यंत.
हॉलच्या भिंतीवर कोळशाने काढलेला पाण्याचा टँकर,
मागून गळणारा,
आणि टँकरहून मोठी कोंबडी.
सुताराने तिच्या पोटात त्याचा हिशोब मांडलाय,
साडेतीन गुणिले सात.

हिलालने काजळीवरून अंगठा ओढला.
"हा धूर असा जात नाही. रंग मारा, परत मारा,
वर येतो. पिवळा.
याला आधी बंद करावं लागतं, वेगळा थर देऊन."
किती दिवस, मी विचारलं.
"चूल हलली की तिथून मोजा."

गुरुजींना फोन केला.
त्यांच्याकडे वैशाखातही एक तारीख होती.
विचारलं असतं तर आधीच निघाली असती.

भोये शेजारच्या प्लॉटवर गेले.
जिजाने चुलीच्या तीन विटा डोक्यावरून नेल्या.
विटा आमच्याच होत्या.
मी बघत होतो हे तिला दिसलं,
म्हणून मी मीटर बघितल्यासारखं केलं.

मग पुट्टी आली आणि कोंबडी गेली,
हिशोबासकट.
सुतार आला, गेला. हिलाल आला,
तीन दिवस कुणाशी बोलला नाही,
चौथ्या दिवशी भिंतीला उलटा हात लावला
आणि पहिल्यांदा बिडी पेटवली, अंगणात जाऊन.

वैशाखात आम्ही राहायला आलो.
कच्चं द्राक्ष भिंतीवर जरा पिकलेलं दिसतं,
पण उज्ज्वला मान्य करत नाही.
संध्याकाळी शेजारच्या अर्ध्या घरातून धूर येतो,
बोंबलाच्या वासाचा.
ती म्हणाली, खिडकी लावा, रंग नवा आहे.
लावली.

काचेतून यमुना दिसत होती, हातात कोळसा,
नव्या भिंतीसमोर, कुठून सुरू करावं या विचारात.
तिथलं प्लास्टर कालच झालंय.
निदान दोन महिने तरी
तिथे कुणी रंगाचं नाव काढणार नाही.