प्रत्यय

शिक्क्याची शाई थंडीनं घट्ट झालेली.
पॅड बगलेत धरून ऊब देतोय,
तोवर बाविसावी उमेदवार आत येते:
एर्मेलिंदा क्कोरिमान्या, वय एक्केचाळीस,
अकरा वर्षं करारावर,
दर मार्चला नव्यानं नेमलेली, डिसेंबरात काढलेली.
बटाट्याच्या ट्रकमधून रात्रीच निघाली असणार;
शालीला अजून ओल्या गोणपाटाचा वास.

माझं काम तसं सोपं.
हिला क्वेचुआ येते का, ते बघायचं.
म्हणजे ज्या भाषेत ही जन्मभर भांडली, जेवली,
शेळ्यांना हाकलत आली,
ती हिला येते असं
लिमात चार सत्रांत ती भाषा शिकलेल्या मी
कागदावर लिहून द्यायचं.
माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. 'प्रगत', सोनेरी कडेचं.

लेखी परीक्षेत तिचे सहा गुण गेलेत.
स्वर तीन की पाच, यावर विद्वान अजून हमरीतुमरीवर येतात.
सरकार म्हणतं तीन.
तिनं पाच लिहिले, कानावर पडले तसे.
ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ, एवढाच गुन्हा,
पण तांबडी शाई गुन्ह्याचं वजन करत नाही.

तोंडी परीक्षा, प्रश्न चौथा:
शाळेतला पहिला दिवस सांगा.

या भाषेत नुसतं 'झालं' म्हणून सुटता येत नाही.
शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लागतो.
मि, म्हणजे मी होते तिथं, या डोळ्यांनी बघितलं.
सि, म्हणजे झालं म्हणे.
नळावर चहाड्या करणाऱ्या बायकाही
यात चुकत नाहीत.

ती सांगू लागली.
वडिलांनी टायरचे जोडे शिवून दिले. मि.
ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले, मधे फट. मि.
बाईंच्या बोटात हिरव्या खड्याची अंगठी होती. मि, मि.
मग तहान लागली.
पाणी मागायचं तर 'आगुआ' म्हणायचं होतं,
तोंडातून 'उनु' गेलं.
आणि पुढे, आवाज न बदलता:

मुलीला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं, म्हणे.
मधली सुट्टी होऊन गेली, म्हणे.
मुलगी रडली नाही, म्हणे.
परकर ओला झाला, म्हणे.

माझी पेन्सिल थांबली.
तक्त्यात सातवी ओळ: स्वानुभवासाठी योग्य प्रत्यय. होय / नाही.
पुस्तिका चाळली. परोक्ष कुठे चालतं?
ऐकीव गोष्ट. स्वप्न. दारूची धुंदी.
भान नसताना आपल्याच बाबतीत घडलेलं.
सहा वर्षांची असताना
स्वतःतून उठून निघून गेलेल्यांसाठी
वेगळा रकाना नव्हता.

खात्री करायला विचारलं:
बाई, तुम्ही होतात ना तिथं?

उत्तराआधी तिनं माझा उच्चार उचलला,
त्यातला 'क' घशात खोल नेला
आणि परत दिला,
तिसरीतल्या मुलाला द्यावा तसा, न हसता.
मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. तिसऱ्यांदा जमलं.
'आल्यिन्,' ती म्हणाली. छान.
मूळ प्रश्न राहूनच गेला.

माझी आई याच खोऱ्यातली.
आमच्या घरात ही भाषा कधी बोललीच गेली नाही,
म्हणे.
स्वयंपाकघराचं दार मात्र ती लावून घ्यायची, भाऊ आला की.
ते मी पाहिलंय.

'होय'समोर खूण केली.
वरचे विचारतील, कशावरून? विचारू देत.
लेखीतले सहा गुण माझ्या हातात नाहीत,
बेरीज कुस्कोला मशीन करणार,
निकाल भिंतीवर लागणार, पावसानं पुसला तर पुन्हा लागणार.
ती विचारते, परतीचा ट्रक कितीला?
उद्या मुलांना वजाबाकी शिकवायची आहे,
दोन्ही भाषांत.
शिक्का दाबला. अर्धाच उमटला.
दारात तेविसावा खोकतोय.