ओंबी

मकावहून इनासचं पत्र आलं,
त्यात शाईनं काढलेलं एकच अक्षर.
दिवाडीच्या बांधावर उभं राहून
कोंसेसांवनं ते उलटसुलट पाहिलं.
मधोमध दांडा, दोन्हीकडे वाकलेली पाती.
‘भात पिकलं का, विचारतोय,’ म्हणाली,
आणि माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं:
कोरगुट भरलंय. मानशीची फळी बदलली.
खारं पाणी आत आलं नाही.

मी तेरा वर्षांचा. बदल्यात एक पेरू.

पुढे पणजीत, अक्कलदाढ काढताना,
डॉक्टर ल्यांगच्या भिंतीवर तेच अक्षर.
तोंडात कापूस. बोटानंच विचारलं.
‘ये,’ तो म्हणाला. ‘याचा अर्थ, ये.’
मग चिमटा धुता धुता:
फार पूर्वी ही गव्हाची ओंबी होती.
‘ये’चं चित्र कसलं काढणार?
उच्चार सारखा, म्हणून गव्हाकडून उसनं आणलं,
ते परत केलंच नाही.
गव्हाला राहिलं दुसरं अक्षर,
खाली पाऊल जोडलेलं.

म्हणजे यायचं ज्यानं, त्याला पाय नाहीत
आणि पाय आहेत
ते शेतात उभं असलेल्याला.

फेरीत रक्त गिळत बसलो.
सांगावं का तिला?
ती तशी चुकली नव्हती,
तीन हजार वर्षं जुनं वाचलं, इतकंच.
इनासचं दुसरं पत्र कधी आलं नाही.

धक्क्यावर भेटली. पदराला तूस.
‘दाढ दुखते का रे?’

गाल सुजलेला.
बोलता येत नव्हतं, हे बरं झालं.